चौकटीत एकच चेहरा

“चेहरा चौकटीत ठेवा,” मोबाईल म्हणाला.

मी ठेवला.

“थोडे जवळ या.”

मी खुर्ची पुढे ओढली. समोरच्या स्टुलावर पितळी तांब्याला टेकवून दादाने त्याचा मोबाईल उभा केला होता, आणि मोबाईलच्या पाठीमागे, थेट माझ्या समोर, गुडघ्यांवर हात ठेवून तो स्वतः वाकून उभा होता. त्याच्या मागे दाराला टेकून वहिनी. दोघांचे श्वास मला ऐकू येत होते. मोबाईलला मात्र त्या खोलीत मी एकटीच दिसत होते.

“ही बाई लई तोऱ्यात बोलती,” दादा वहिनीकडे वळून हळूच म्हणाला. “शाळंतल्या मास्तरणीवाणी.”

मी मान खाली घातली. ती बाई मीच होते.

त्या दिवसांत मी नाशिकला एका छोट्या कंपनीत होते. आमचा धंदा ओळख पटवून देण्याचा. बँका, पतसंस्था, विमावाले, ज्यांना गिऱ्हाईक घरबसल्या हवं असतं पण ते गिऱ्हाईक म्हणजे खरंच तेच माणूस का याची धास्ती असते, ते आमच्याकडे यायचे. कुठल्या तपासण्या लावायच्या आणि किती कडक लावायच्या, ते बसवून देणं हे माझं काम. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा किती जुळला म्हणजे चालेल. समोर जिवंत माणूस आहे की कोणी फोटोच धरलाय हे कळायला डोळे मिचकवायला सांगायचे की मान वळवायला. चुकलं तर किती वेळा पुन्हा करू द्यायचं. ऐकायला रूक्ष वाटतं, पण मला ते काम आवडायचं.

मग नव्या हमरस्त्याच्या कडेने जमिनी घेणारी, गोडाऊनं बांधणारी एक कंपनी आमच्याकडे आली. तिचं दुखणं निराळंच होतं. आमच्या भागात बाप गेला की बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात, त्याला हक्कसोड म्हणतात. सोडतात म्हणजे सोडायचाच असतो. कायद्याने मागता येतो, पण मागणारीला त्या दिवाळीला माहेरून फोन येत नाही. तर एका गावात भावांनी तेवढीसुद्धा तसदी घेतली नाही. सख्ख्या बहिणीच्या जागी भलतीच बाई उभी करून सही उरकली, आणि ते प्रकरण या कंपनीच्या अंगाशी आलं. तेव्हापासून त्यांनी नियमच केला होता. सगळ्या वारसांची मोबाईलवर पडताळणी झाल्याशिवाय कागद रजिस्टर कचेरीत न्यायचा नाही.

ती पडताळणी मी बसवून दिली. चेहरा, डोळे, मान, आणि शेवटी एक वाक्य म्हणायचं: मी माझ्या मर्जीने, कोणाच्याही दबावाशिवाय, माझा हिस्सा सोडत आहे. वाक्य माझंच. आणखी एक तपासणी माझ्या डोक्यातून निघाली होती. चौकटीत एकच चेहरा दिसला पाहिजे. दुसरं कोणी आलं की पडताळणी रद्द. तीनदा रद्द झाली की मोबाईलवरचं दार बंद, मग त्या बाईने नाशिकच्या ऑफिसात जायचं आणि बंद खोलीत एका अधिकारी बाईंसमोर एकटीने बोलायचं.

कंपनीच्या साहेबांना ते पटेना. “मॅडम, गावाकडे बाई एकटी कधी बसते? कोणी ना कोणी असणारच. निम्म्या फायली अडकतील आमच्या.”

मी हट्ट सोडला नाही. बाईला तिचं तिचं बोलू द्यायचं असेल तर एवढं पाहिजेच, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. आमच्या करंदीकर सरांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, टेबलाखालून पाय मारला तरी मी थांबले नाही. कंपनीचे साहेब शेवटी हो म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाताना मी स्वतःलाच एक कुल्फी घेऊन दिली.

राहिला आवाज. मराठी सूचना बोलायला कोणीतरी हवं होतं. चांगलं माणूस मिळेपर्यंत तात्पुरता म्हणून माझाच आवाज घातला. जिन्याखालच्या खोलीत पंखा बंद करून मी ती वाक्यं म्हटली, घामाने निथळले, पण उच्चार स्वच्छ आले. पुढे तात्पुरतं तेच कायम झालं, जसं आपल्याकडे होतं.

आमची जमीनही त्यांच्या नकाशात आली आहे, हे मला दादाच्या फोनवरून कळलं.

“योगे, रविवारी येऊन जा. ते फोनला तोंड दाखवायचं असतंय, तेवढं करून टाक. बाकीच्यांचं झालंय.”

“बाकीचे म्हणजे?”

“मी आन् आई. तुझंच राह्यलंय.”

“कुठली जमीन?”

“सगळीच. वस्तीसकट. नाशिकला फ्लॅट बघितलाय, तिसरा मजला. आईलाबी तिथंच न्यायची. कुठवर राहायचं असं रानात?”

आईला काय वाटतं, असं मी विचारलं नाही. सोपानदादाला मी असं काही विचारतच नसे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा मी दहावीत होते. दादाने कॉलेज सोडलं, दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून बसला आणि माझं शिक्षण पुरं केलं. त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि खरी अडचण तीच होती. बोलून दाखवणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तुझं माहेर, तू ठरव.” हे वाक्य ऐकायला फार छान असतं. त्याचा उपयोग मात्र काही नसतो.

रविवारी सकाळी मी वस्तीवर पोचले. सिन्नर सोडून बरंच पुढे, रस्त्यापासून आत, रानातच आमचं घर. तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला विहीर. घराच्या जोत्याचे दगड आई आणि अण्णांनी डोक्यावरून वाहिलेले. आई घराच्या मागे होती. तिने खड्डा खणून त्यात शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी उभी केली होती आणि पायाने माती दाबत होती.

“हे काय करतेस गं?”

“वाऱ्यानं फांदी मोडली. टाकून द्यायची का?”

“अगं, पण आता…”

“दिवाळीपातुर पाला फुटंल,” ती म्हणाली. ताज्या शेणाचा गोळा तिने फांदीच्या कापल्या तोंडावर थापला, म्हणजे ऊन लागून ती वाळू नये, आणि हात झटकले.

घर सोडून जाणारं माणूस शेवगा लावत नाही.

“आई, तू ते फोनवर म्हणून टाकलंस ना?”

“म्हटलं.”

“मनापासून?”

तिने माझ्याकडे नीट रोखून पाहिलं. काहीतरी विचारायचंय पण विचारावं की नाही, अशी ती बघत राहिली. मग म्हणाली, “चल, ऊन झालं,” आणि आत गेली.

पुढच्या खोलीत दादाने सगळी तयारी करून ठेवली होती. खुर्ची, स्टूल, तांब्या. मोबाईलवर आलेली लिंक त्याने उघडली आणि मला माझीच स्क्रीन दिसली. निळी पट्टी, मधे अंडाकृती चौकट, खाली मी लिहिलेली अक्षरं. दुसऱ्याच्या घरात आपलंच भांडं दिसावं तसं झालं मला.

“आता सगळ्यांनी ऐका,” दादा म्हणाला. “आईच्या टायमाला अलका मागून पाणी घ्यायला गेली आन् ते बंदच पडलं. दुसरी व्यक्ती दिसत आहे म्हणं. पुन्हा पयल्यापासून करावं लागलं. आज कोणी मधी यायचं न्हाई. आई, तू सैपाकघरात बस. मी हाक मारीस्तोवर भाईर येऊ नको.”

“बरं,” आई म्हणाली आणि आत गेली.

अलका म्हणजे वहिनी. तिने दार धरलं. दादा मोबाईलच्या मागे जाऊन उभा राहिला, जसा आईच्या वेळीही उभा राहिला असणार. आणि तेव्हा मला कळलं. माझी तपासणी चौकटीत कोण आहे ते बघत होती. चौकटीच्या बाहेर, मोबाईलच्या पाठीमागे कोण उभं आहे, ते बघायला तिला डोळेच नव्हते. टेबलावर हात आपटताना मला हे सुचलं नव्हतं. मी बाईला एकटं पाडायची पुरती सोय करून ठेवली होती, आणि आता त्या खुर्चीत मी बसले होते.

दादाला सांगावं का, की हे सगळं मी बसवलंय? तो एवढंच म्हणाला असता, मग तूच पास करून टाक की हापिसातून. मग सरळ नाही म्हणावं? म्हटलं असतं एखाद्या वेळी. दादा माझ्याशी भांडणारा नव्हे, नुसता गप्प झाला असता. भाऊबीज गेली असती, तीही मी सोसली असती. पण मी संध्याकाळी माझ्या घरी निघून जाणार होते आणि आई त्यांच्या ताटात जेवत होती. मला बसायची बोलणी रोज सकाळ-संध्याकाळ तिला बसली असती. आणि हो म्हटलं तर ते जोतं, ती विहीर आणि मागे नुकतंच शेण थापलेली ती फांदी, सगळ्यावर बुलडोझर. कुठूनही बघा, मी पुरती कोंडले गेले होते.

मग म्हटलं, आपल्याला नाही म्हणता येत नाही ना, मशीनला म्हणू दे.

“डोळे मिचकवा,” माझा आवाज म्हणाला.

मी मिचकवले नाहीत. समोर टक लावून बसले. डोळ्यांना धार लागली, नाक हुळहुळलं, पण मी पापणी हलवली नाही.

“क्षमस्व. पडताळणी होऊ शकली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

“अगं, डोळे मिचकाव ना!” दादा ओरडला.

“मिचकवले की.”

“कुठं मिचकवले? मी बघू राह्यलो ना. घुबडावाणी बसली व्हती नुसती.”

वहिनी हसली. मीही हसले, कारण हसणं भाग होतं. पण एक गोष्ट पक्की झाली. जे दादाच्या डोळ्यांना दिसतं ते करून चालणार नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी डोळे चांगले फडफडवले. दादा खूश झाला.

“मान डावीकडे वळवा.”

मान किती वळली म्हणजे वळली, ते मीच ठरवून ठेवलेलं. मी वळवली आणि त्याच्या जरा अलीकडे थांबले. माणसाला कळणार नाही, मशीनला कळेल, एवढंच.

“क्षमस्व. पडताळणी होऊ शकली नाही. हा आपला शेवटचा प्रयत्न आहे.”

“रेंज जाऊ राह्यली,” दादा म्हणाला. मोबाईल हातात घेऊन तो दारापर्यंत गेला, हात वर करून बघितलं, परत आला.

“रेंज कशी जाईन?” वहिनी म्हणाली. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. “सासूबाईंचं झालं याच रेंजमधी. त्यांना तर लिहितावाचताबी येत न्हाई. ताई एवढ्या शिकलेल्या, कंप्युटरवर काम करत्यात, आन् त्यांनाच कसं काय जमंना?”

दादाने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं आता. सगळं बाहेर पडणार.

दादा खाली बसला. माझ्या पायांशी, जमिनीवर. सदऱ्याचं टोक धरून त्याने मोबाईलची काच पुसली, बराच वेळ पुसत राहिला. त्याच्या मनगटावर टेम्पोच्या इंजिनने भाजल्याचा जुना डाग होता. तो भाजला त्या आठवड्यात माझी परीक्षा होती आणि कोणी मला कळवलं नव्हतं.

“योगे,” तो मान वर न करता म्हणाला, “तुला द्यायचं नसंल तर तसं सांग. मी काय जबरदस्ती करू राह्यलो का?”

अगदी खऱ्या मनाने विचारलं त्याने. तेवढ्या वेळापुरतं का होईना, दार सताड उघडं होतं आणि उघडणारा तोच होता. मी तोंड उघडलं. दारात वहिनी उभी होती. आतल्या खोलीत भांड्याचा आवाज नव्हता, म्हणजे आई ऐकत होती. “दादा, मला वस्ती विकायची नाही,” एवढंच बोलायचं होतं.

“नाही रे दादा,” मी म्हटलं, “तसं काही नाही. लाव परत.”

ऐकताना माझं मलाच रडू आलं. दादाचं तोंड उजळलं. त्याने मोबाईल तांब्याला नीट टेकवला, स्वतः मागे सरकला.

तिसऱ्या वेळी मी सगळं शहाण्यासारखं केलं. चेहरा चौकटीत ठेवला, डोळे मिचकवले. मान डावीकडे वळवली, पुरती वळवली. उजवीकडे वळवली. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार होतं. ते अर्धवट लोटलेलं होतं आणि फटीत आईच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. चौकटीभोवतीची रेघ हिरवी झाली. याचा अर्थ मशीनची खात्री पटली होती की ही योगिता विधाते आहे, जिवंत आहे आणि एकटी आहे.

“आता माझ्यामागून म्हणा,” माझा आवाज म्हणाला. “मी माझ्या मर्जीने…”

“मी माझ्या मर्जीने…”

“कोणाच्याही दबावाशिवाय…”

माझा घसा दाटला. दादाचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, लहानपणी पाढे म्हणवून घ्यायचा तसे.

“कोणाच्याही दबावा…”

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई ताटलीत कपबशी घेऊन आली. घाईने नाही, लपतछपत नाही, चालत आली, माझ्या खुर्चीशेजारी वाकली आणि आपलं तोंड माझ्या तोंडाशेजारी आणून मोबाईलकडे बघत राहिली. चौकटीत आम्ही दोघी.

“दुसरी व्यक्ती दिसत आहे,” मोबाईल म्हणाला. “चौकटीत एकाच व्यक्तीने थांबावे.”

“आई!” दादा किंचाळला. “सरक तिथून! सरक मागं!”

“चहा आणलाय,” आई म्हणाली. हलली नाही.

“तुला सांगितलं व्हतं ना भाईर येऊ नको म्हणून!”

“गार झाला असता.”

रेघ लाल झाली. “आपले सर्व प्रयत्न संपले आहेत. कृपया ओळखपत्रासह कार्यालयात प्रत्यक्ष या. सोबत कोणालाही आत आणू नये.”

दादाने मोबाईल उचलला आणि स्टुलाला लाथ मारली. तांब्या घरंगळत अंगणात गेला आणि वहिनी तो आणायला गेली. आईने कपबशी माझ्या हातात दिली. चहाला अजून रंगसुद्धा आलेला नव्हता. नुसतं कोमट पाणी आणि वर तरंगणारी पावडर होती. मी तो सगळा प्यायले.

त्या वस्तीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. मी नाशिकच्या त्या ऑफिसात गेले. ते आमच्यासारख्यांसाठी कंपनीने ठेवलेलं होतं. बंद खोलीत अधिकारी बाईंनी विचारलं, आणि समोर दादाचं मनगट नव्हतं म्हणून असेल, मला बोलता आलं. आईलाही बरोबर नेलं होतं, तिला फोनवर म्हटलेलं मागे घ्यायचं होतं. ती एकटीच आत गेली आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “चांगली व्हती पोरगी. पाणी दिलं.” दादाला कंपनीकडून निरोप गेला, पडताळणी पूर्ण झाली नाही. कोणाची आणि का, हे सांगायचं नाही असाही नियम मीच घातला होता. कंपनीने थोडे दिवस वाट बघून रस्त्यापलीकडचं रान घेतलं. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला. एक दिवाळी तशीच गेली. पुढच्या भाऊबीजेला तो आपण होऊन आला, मी ओवाळलं, आणि आता तो लोकांना सांगत असतो की वस्ती विकायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. शेवग्याला इतक्या शेंगा येतात की शेजारपाजारी वाटाव्या लागतात. आई अजून तिथेच असते.

पण माझ्या मनात रुतून बसली ती त्या रविवारची संध्याकाळ.

एरवी दादा मोटारसायकलवर मला फाट्यापर्यंत सोडायचा. त्या दिवशी तो पाठ करून झोपून राहिला. आईच चालत आली, माझी पिशवी स्वतःच्या काखेत घेऊन. पिशवीत तिने शेंगदाणे भरले होते. फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही मैलाच्या दगडाशी उभ्या राहिलो.

“आई, दादा तुला बाहेर येऊ नको म्हणाला होता.”

“व्हय.”

“मग तू ऐकलं नव्हतंस?”

“ऐकलं व्हतं की.”

मला हसू आलं, आणि पाठोपाठ रागही आला. तिचा नव्हे खरं तर, पण समोर तीच होती.

“मग तुझ्या स्वतःच्या वेळी का नाही काही केलंस? एवढा शेवगा लावतेस, घर सोडवत नाही तुला, मग मर्जीने सोडते असं म्हणून कशाला टाकलंस? दादाला भ्यालीस?”

“त्याला कशाला भिऊ? म्या पाजलेलं पोर ते.”

“मग?”

आईने माझ्याकडे पाहिलं. सकाळी घरामागे बघत होती तसंच.

“तूच तर म्हणाय लावत व्हती,” ती म्हणाली.

“मी?”

“मंग कोण? त्या फोनात तूच बोलू राह्यली व्हती ना? सोपान म्हणला, कंपनीची बाई हाय. अलकाबी तेच म्हणली. त्यांना न्हाई कळलं. मी काय तुझा आवाज वळखत न्हाई का?”

मी मैलाच्या दगडाला टेकले.

“तू म्हणली डोळे मिचकवा, मिचकवले. मान वळवा म्हणली, वळवली. मला अहो-जाहो करू राह्यली व्हती. म्हटलं, हापिसात असंल, चार मानसं असतील भवती, आईला अगं कशी म्हणंल? मंग म्हणली, माझ्यामागून म्हणा. म्हटलं, दोघा भावंडांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. पोरीचीबी तीच मर्जी हाय, तर आपण कशाला मधी यायचं? म्हणून टाकलं.”

लांबून गाडीचे दिवे दिसले. आईने पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

“मग आज गं?” मी कसंबसं विचारलं. “आज का आलीस मधे?”

“आज मी फटीतून बघत व्हते,” आई म्हणाली. “फोनातबी तू, आन् खुर्चीतबी तू. फोनातली म्हणती मान वळव, आन् खुर्चीतली वळवीना. फोनातली म्हणती मर्जीनं, आन् खुर्चीतलीचा गळा दाटलेला.” तिने माझ्या गालावरून पालथा हात फिरवला. “म्हटलं, यातली माझी ती खुर्चीतली.”

गाडी थांबली. मी चढले. आई हात न हलवता तिथेच उभी राहिली, दिसेनाशी होईपर्यंत. नाशिक येईपर्यंत मी रडत होते आणि शेजारची बाई मला न विचारता शेंगदाण्याची पिशवी सांभाळत होती. आईने माझं ऐकलं म्हणून घर सोडायला हो म्हटलं होतं, आणि तिच्यासारख्या आणखी किती जणींना मी स्वच्छ उच्चारांत माझ्यामागून म्हणा म्हटलं होतं, कोण जाणे.

सोमवारी गेल्या गेल्या मी करंदीकर सरांच्या टेबलाशी उभी राहिले.

“सर, गोडाऊनवाल्यांच्या पडताळणीतला माझा आवाज काढायचाय. आजच.”

“अरे, का?” सर चकित झाले. “तक्रार तर नाहीच, उलट कौतुक करतायत ते. परवाच साहेब म्हणाले, या आवाजात काय आहे कळत नाही, पण बायका निमूट ऐकतात.”

“म्हणूनच,” मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच तो काढून टाकला.